वडिलांच्या डिस्चार्ज बुकातली चूक

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. वडील १९६५ किंवा १९७१ च्या लढाईत होते, आता ते हयात नाहीत आणि त्यांच्या लष्करी कागदांत काहीतरी चुकलेलं आहे. कुणाच्या आईचं नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शनीच्या आदेशावर, वेगळंच आहे. कुणाच्या वडिलांच्या पायाला लढाईत गोळी लागली होती, पण डिस्चार्ज बुकात ती साध्या अपघातासारखी लिहिली आहे. कुणाला वाटतं की वडिलांचं एक पदक राहून गेलं. काही घरांत तर कागदच उरलेला नाही, फक्त गणवेशातला एक फोटो आणि पाठ असलेला आर्मी नंबर आहे.

या सगळ्यांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात घ्याव्यात. पहिली, लष्करातली नोंद आपल्या सांगण्यावरून बदलत नाही आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रावरूनही सहसा बदलत नाही. त्या काळात तयार झालेला दुसरा एखादा कागद लागतो. तुमची निम्म्याहून अधिक मेहनत तो कागद शोधण्यात जाणार आहे, हे आधीच मान्य करा. दुसरी, आई हयात असेल तर तिचं नाव आणि जन्मतारीख यांची दुरुस्ती सगळ्यांत आधी करा. वडिलांचं पदक दोन वर्षं उशिरा आलं तरी चालेल. आईच्या पेन्शनीचं तसं नाही.

नेमकं काय चुकलंय आणि कुठल्या कागदावर?

सैनिकाची माहिती एकाच कागदावर नसते. भरतीच्या वेळी त्याचा शीट रोल तयार होतो. त्यात नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख आणि जवळचा नातेवाईक लिहिलेला असतो. पुढे लग्न झालं, मूल झालं, जवान जखमी झाला, तर युनिट ती घटना पार्ट टू ऑर्डर काढून कळवतं आणि त्या ऑर्डरवरून ती शीट रोलवर चढते. निवृत्तीच्या वेळी यातलं मोजकं डिस्चार्ज बुकात उतरतं. भूदलाच्या जवानाचा पीपीओ प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निघतो. पण त्यातली कुटुंबाची माहिती रेकॉर्ड ऑफिसनेच कळवलेली असते. अलीकडे हीच माहिती ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीत गेली. तिथे आधार कार्डाशी जुळवाजुळव सुरू झाल्यावर कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात न आलेल्या चुका समोर आल्या. म्हणून हा प्रश्न आजच इतक्या घरांत एकदम उभा राहिलेला दिसतो.

तेव्हा अर्ज लिहायला बसण्याआधी आपण यांपैकी कुठे आहोत ते ठरवा:

- शीट रोल बरोबर आहे, डिस्चार्ज बुक चुकलंय. ही उतरवून घेतानाची चूक. तुलनेने सोपी.
- शीट रोल बरोबर आहे, पीपीओ किंवा ‘स्पर्श’मधली माहिती चुकलीय. रेकॉर्ड ऑफिसमार्फत दुरुस्ती पीपीओ निघतो. त्याला तिथे कोरिजेंडम पीपीओ म्हणतात.
- शीट रोलच चुकलाय किंवा त्यात ती नोंदच नाही. खरी कसोटी इथे आहे, आणि पुरावे इथेच लागतात.

पुष्कळ कुटुंबं थेट बँकेत जातात किंवा ‘स्पर्श’वर तक्रार टाकून वाट बघत बसतात. चूक जर शीट रोलमध्ये असेल तर बँकेच्या हातात काहीच नसतं. मुळातली नोंद सुधारल्याशिवाय पुढची सुधारत नाही.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं?

हे जवानाच्या रेजिमेंटवर किंवा कोअरवर ठरतं, जिल्ह्यावर नाही. आपल्याकडच्या बहुतेकांना लागणारी ठिकाणं अशी:

- मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- तोफखाना: नाशिक रोड कॅम्प
- बॉम्बे सॅपर्स: खडकी, पुणे
- आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री: अहिल्यानगर
- ब्रिगेड ऑफ द गार्ड्स: कामठी
- सिग्नल्स: जबलपूर
- ईएमई आणि ऑर्डनन्स: सिकंदराबाद
- आर्मी मेडिकल कोअर: लखनौ
- नौदलाचे खलाशी: कमोडोर ब्यूरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई
- हवाई दलाचे एअरमन: एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, नवी दिल्ली

अधिकाऱ्यांच्या फायली रेजिमेंटकडे नसतात, त्या दिल्लीत लष्करी मुख्यालयात असतात.

इथे दोन ठिकाणी चुकामूक होते. वडील एका पलटणीत भरती होऊन नंतर दुसऱ्या कोअरमध्ये बदलून गेले असतील तर कागद शेवटच्या कोअरच्या रेकॉर्डमध्ये मिळतील. आणि निवृत्तीनंतर ते डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झाले असतील, तर त्यांचे दुसरे कागद कन्नूरला आहेत. एका ठिकाणी आईचं नाव बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक असंही आढळतं. तसं असेल तर बरोबर असलेली नोंद हाच तुमचा उत्तम पुरावा.

आधी प्रती मागवा

दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहून शीट रोलची प्रत, कुटुंबाविषयीच्या पार्ट टू ऑर्डर आणि, जखमेचा प्रश्न असेल तर, वैद्यकीय मंडळाचे कागद मागा. आई हयात असेल तर पत्र तिच्या सहीने किंवा अंगठ्याने जाऊ द्या. मुलाने किंवा मुलीने लिहिताना नात्याचा पुरावा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं, म्हणजे आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो त्याचं, शिफारसपत्र सोबत असेल तर ते पत्र बाजूला पडत नाही. या कार्यालयातले कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिकच असतात. त्यांना शीट रोल काय, पार्ट टू ऑर्डर काय, हे समजावून सांगावं लागत नाही. आधी त्यांना भेटा.

पत्राला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलिस दल, आसाम रायफल्स अशा काही संघटनांना या कायद्यातून बरीचशी सूट आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल त्या यादीत नाहीत. अर्जात ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. ‘आर्मी नंबर अमुक, यांच्या शीट रोलची साक्षांकित प्रत द्या’, ‘पत्नीच्या नावाची नोंद करणाऱ्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख द्या’, असं एकेक मागा.

एका गोष्टीची मानसिक तयारी ठेवा. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानांचे सेवेचे कागद २५ वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केले जातात. मग हाती राहतो तो लाँग रोल, म्हणजे मोठ्या रजिस्टरातली त्या जवानाची एक ओळ. ‘कागद नष्ट झाले’ असं उत्तर आलं तरी थांबू नका. लाँग रोलचा उतारा स्वतंत्रपणे मागा. नाव, नंबर, भरती आणि सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण, एवढं त्यातून मिळू शकतं.

आईचं नाव

महाराष्ट्रातल्या घरांचा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच आहे आणि त्याचं मूळ आपल्या रीतीत आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायचं ही पद्धत गावोगावी होती. जवान रजेवर आला, लग्न झालं, पलटणीत परत गेला आणि कारकुनाने विचारल्यावर त्याने जे नाव तोंडात आलं ते सांगितलं. कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी घरात हाक मारायचं. पुढे रेशन कार्डावर एक, मतदार यादीत दुसरं आणि आधारवर तिसरं नाव आलं. शिवाय हे सगळं इंग्रजीत लिहिणारा कारकून बरेचदा दुसऱ्या प्रांतातला. शेवंताबाईचं स्पेलिंग तीन प्रकारे होतं, ‘बाई’ कधी जोडलेलं असतं, कधी तुटक, कधी मुळीच नसतं. आडनावाच्या जागी गावाचं नाव किंवा नवऱ्याच्या वडिलांचं नावही बसलेलं दिसतं.

स्पेलिंगचा किंवा ‘बाई’ असण्या-नसण्याचा फरक असेल तर मामला छोटा आहे. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि सैनिक बोर्डाचं पत्र यांवर काम होण्याची शक्यता चांगली असते. इथे माझं सांगणं असं की, कुठला कागद बदलणं सोपं आहे ते बघा. पीपीओवरचं नाव बरोबर असेल आणि आधारवरचं चुकलं असेल, तर आधार दुरुस्त करून घ्या. लोक उलट करतात, आधारला प्रमाण मानून लष्कराची नोंद बदलायला निघतात आणि वर्षानुवर्षं अडकतात.

नाव पूर्णपणे वेगळं असेल, रेकॉर्डला माहेरचं ‘गंगूबाई’ आणि आज ‘लक्ष्मीबाई’, तर ती दोन माणसं नाहीत हे दाखवायला जुने कागद लागतील. ते साधारण इथे सापडतात:

- मुलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जिथे आईचं नाव लिहिलं असेल.
- आई स्वतः शाळेत गेली असेल तर तिच्या माहेरच्या शाळेचा दाखला. दोन वर्षं शिकली असेल तरी नोंद असते.
- गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला आपण कोतवाल बुकाची नक्कल म्हणतो. ही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावी लागते, आणि आईसाठी शोधायची तर तिच्या माहेरच्या तालुक्यात. जुन्या नोंदी मोडीत असतात. त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून साक्षांकित करून घ्या.
- वडिलांच्या मृत्यूनंतर जमिनीवर झालेली वारस नोंद, गाव नमुना ६-क आणि त्यावरचा फेरफार.
- वडिलांनी नोकरीत असताना पाठवलेली पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, कँटीन कार्ड, जुन्या एकत्र फोटोच्या मागे युनिटचा शिक्का असेल तर तो फोटो.

यांतल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या कागदांनी एकच गोष्ट सांगितली की प्रकरणात जीव येतो. त्यानंतर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा का, हे रेकॉर्ड ऑफिस काय मागतं त्यावर ठरवा. राजपत्रातली जाहिरात आजपासून नाव बदललं एवढंच सांगते. १९६८ साली लग्न झालेली स्त्री हीच, हे ती सिद्ध करत नाही. आधी पुरावा गोळा करा, मग राजपत्र.

वडिलांची दोन लग्नं झाली असतील तर फार जपून पावलं टाका. पहिली पत्नी वारल्यावर दुसरं लग्न झालं आणि ते लष्कराला कळवलं गेलं नाही, तर पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा पुरावा आणि दुसऱ्या लग्नाचा पुरावा देऊन नोंद होऊ शकते. पहिली पत्नी हयात असताना दुसरं लग्न झालं असेल तर प्रश्न कायद्याचा आहे. मुंबई प्रांतात १९४६ पासून आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापासून असं लग्न रद्दबातल ठरतं. हे प्रकरण अर्जावर सुटत नाही. वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जा. दोन्ही घरांनी बसून बोलणं शक्य असेल तर ते आधी करा, कारण रेकॉर्ड ऑफिससमोर भांडण गेलं की दोघींचं पेन्शन लटकतं.

घरात अपंग मुलगा, अपंग मुलगी, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी असेल तर तिचं किंवा त्याचं नाव रेकॉर्डला आहे का ते आईच्या हयातीतच तपासा. नियमांत बसत असतील तर आईनंतर त्यांना कुटुंब पेन्शन मिळू शकतं, अपंग अपत्याला तर जन्मभर. पण आधी नाव नोंदलेलं हवं. आईच्या सहीने होणारं हे काम तिच्यामागे करायचं म्हणजे केवढे हेलपाटे पडतात ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा.

आईची जन्मतारीख

जुन्या पीपीओवर पत्नीची जन्मतारीख बहुधा नसते. पुष्कळांना ती फार महत्त्वाची वाटत नाही. पण वय ८० पूर्ण झाल्यावर पेन्शन २० टक्क्यांनी वाढतं, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्क्यांनी. कुटुंब पेन्शनलाही हे लागू आहे. जन्मतारखेची नोंद नसेल किंवा वय दहा वर्षांनी कमी लागलं असेल तर आई ही वाढ न घेताच जाते. आधार काढताना गावच्या शिबिरात अंदाजे १ जानेवारी घातलेली आणि साल कुणीतरी सुचवलेलं, हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुक मिळालं तर आधी त्यावरून आधार दुरुस्त करा आणि मग पेन्शनची नोंद. थोरल्या मुलाचा जन्मदाखलाही सोबत जोडा. आईचं वय त्याच्याशी विसंगत असेल तर चूक उघड दिसते.

जखम आणि मृत्यू कसे लिहिले आहेत?

लढाईतल्या हानीची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून होते आणि इतर दुखापती, अपघात, आजार ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून. या एका शब्दावर पुढचा सगळा हिशोब ठरतो. मृत्यू नोकरीशी संबंधित नसेल तर साधं कुटुंब पेन्शन वेतनाच्या ३० टक्के दराने असतं, लष्करी सेवेमुळे झालेला मृत्यू असेल तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत किंवा तशा कारवाईत झालेला असेल तर उदारीकृत कुटुंब पेन्शन शंभर टक्के. जखमी होऊन परतलेल्यांनाही युद्धजखमेचं पेन्शन साध्या अपंगत्व पेन्शनपेक्षा बरंच जास्त आहे.

म्हणून इथे दुरुस्तीचा आग्रह धरणं योग्यच आहे, पण पुराव्यानिशी. शोधायचे कागद असे: त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, घरी आलेली तार किंवा पत्र, लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचं मत. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये वडिलांना कृत्रिम पाय बसवला असेल तर तिथेही चौकशीचा अर्ज करा. पलटण त्या दिवशी कुठे होती हे दाखवायला युनिटची वॉर डायरी आणि रेजिमेंटचा छापील इतिहास उपयोगी पडतो. अशा जुन्या नोंदी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात जमा होतात. २५ वर्षांनंतर त्या सर्वसाधारणपणे खुल्या करण्याचं धोरण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण जमालपूरच्या लढाईत होती हे १९७१ च्या इतिहासात आहेच. तुम्हाला दाखवायचं आहे ते एवढंच की वडील त्या दिवशी पलटणीबरोबर होते आणि जखम तिथेच झाली.

वडिलांच्या बरोबरचे कुणी हयात असतील तर त्यांची भेट घ्या. त्यांचं वय आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे असेल. त्यांनी स्वतःच्या आर्मी नंबरासह, कुठे, कधी आणि काय पाहिलं हे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर त्या साक्षीला वजन येतं. ‘अमुक जवान शूर होते’ असं प्रशस्तिपत्र इथे कामाचं नाही. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

पदकं

पदकाचा अर्ज करण्याआधी ते पदक वडिलांना लागू होतं का हे बघा, नाहीतर चूक नसलेल्या नोंदीमागे शक्ती जाते. १९७१ साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही पदकं त्या त्या आघाडीच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रातल्या सेवेसाठी होती. संग्राम मेडलचा परीघ त्याहून मोठा होता. त्यामुळे त्या डिसेंबरात जबलपूरच्या डेपोत काम करणाऱ्या वडिलांकडे संग्राम मेडल आहे आणि स्टार नाही, तर ते बरोबरच आहे. १९६५ चंही असंच, समर सेवा स्टार वेगळं आणि रक्षा मेडल वेगळं. घरात जपून ठेवलेलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक युद्धपदक नाही, ते १९७२ मध्ये सेवेत असलेल्यांना मिळालं. डेपोतल्या माणसाने तोफेचा गोळा वेळेवर पाठवला म्हणून आघाडी लढली, हे मुलांनी अभिमानाने सांगावं. त्यासाठी स्टारची गरज नाही.

पात्रता दिसत असेल आणि शीट रोलवर पदकाची नोंद असेल, पण पदक हाती आलेलं नसेल, तर जवळचा वारस रेकॉर्ड ऑफिसमार्फत मागू शकतो. पदक हरवलं असेल तर पोलिस ठाण्यातल्या नोंदीची प्रत जोडा.

वडिलांची जन्मतारीख

ती बदलण्याच्या मागे लागू नका. भरतीवेळी नोंदलेली तारीख पुढे नोकरीभर धरली जाते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा नंतर ती बदलून मागणाऱ्यांना न्यायालयांनीही सातत्याने नकार दिला आहे. आईच्या पेन्शनला त्याने सहसा फरक पडत नाही.

वडील दुसऱ्या महायुद्धात असतील तर

हे जवान बहुतेक १९४६-४७ मध्ये पेन्शनशिवाय घरी आले, म्हणून त्यांच्या बाबतीत लाँग रोल आणि डिस्चार्ज सर्टिफिकेट हेच मुख्य आधार. शोधताना रेजिमेंटचं त्या वेळचं नाव वापरा. ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री’ असं नाव होतं आणि मराठाचं इंग्रजी स्पेलिंगही आजच्याहून वेगळं, मध्ये ‘एच’ घालून लिहिलेलं. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच रेजिमेंट. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली, त्यामुळे त्याआधी भरती झालेले तिचे काही जवान दुसऱ्या रेजिमेंटमधून आले असतील हे लक्षात ठेवा.

वडील त्या युद्धात पडले असतील, तर त्यांचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात येतात. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं थडग्यावर नसून स्मारकांच्या फलकांवर कोरलेली असतात. गावाचं किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल तर पुरावा पाठवून दुरुस्ती मागता येते. मराठी गावांच्या नावांची इंग्रजीत जी मोडतोड झाली आहे ती बघता, गावातल्या शिक्षकांनी आपल्या गावाची सगळी नावं एकदा तपासावीत असं मनापासून वाटतं.

त्या युद्धातले महाराष्ट्रातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी राज्य शासनाचं मासिक अनुदान आहे. पेन्शन नाही म्हणून काहीच मिळणार नाही असं समजून बसलेली एखादी आजी तुमच्या ओळखीत असेल तर तिला सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.

अर्जात काय लिहायचं

एक अर्ज, एक दुरुस्ती. आईचं नाव, वडिलांची जखम आणि पदक हे तिन्ही एकाच पत्रात कोंबलं तर तीन टेबलांवर फिरून ते शेवटी कुठेच राहत नाही. पहिल्या ओळीत आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट. मग तीन वाक्यं: कुठल्या कागदात सध्या काय लिहिलंय, तिथे काय हवं, आणि ते कशावरून. मग जोडलेल्या कागदांची यादी. वडिलांच्या पराक्रमाचं वर्णन लिहू नका. ते वाचून कारकुनाला तुमच्याबद्दल आदर वाटेल, पण नोंद बदलता येणार नाही. मूळ कागद कधीही पाठवू नका, साक्षांकित प्रती पाठवा. स्पीड पोस्टाची पावती फाइलला लावा. फोनवर बोलणं झालं तर तारीख आणि बोलणाऱ्याचा हुद्दा वहीत टिपा.

नकार आला तर नाराज होऊन पत्र फाडू नका. नकारात कारण लिहिलेलं असतं, आणि पुढे लढायचं ते त्या कारणाशी. कारण लिहिलेलं नसेल तर ‘कुठल्या नियमाखाली नाकारलं ते कळवा’ असं मागा.

उत्तरच आलं नाही, किंवा चुकीचं आलं तर

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे, महाराष्ट्र आणि गोव्यातली प्रकरणं तिथे चालतात. निवृत्त सैनिकाच्या सेवेशी संबंधित बाबतीत त्याचे आश्रित आणि वारसही तिथे दाद मागू शकतात, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर आपल्या निवेदनाला सहा महिने होऊ द्यायचे आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला असेल तर कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते.

‘पन्नास वर्षं झाली, आता कोण ऐकणार?’ असं अनेक जण विचारतात. पेन्शन दर महिन्याला चुकीचं मिळत असेल तर ती चूक दर महिन्याला नव्याने घडते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात मान्य केलं. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे दार उघडं आहे, पण उशिराच्या प्रत्येक वर्षाला एका वर्षाची थकबाकी हातची जाते.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून आई थांबली असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा.

यांच्यापासून जपा

‘काम करून देतो, थकबाकीतले तीस टक्के द्या’ म्हणणारे एजंट सैनिकी गावांत फिरत असतात. पेन्शनवरचा असा हक्क दुसऱ्याच्या नावे करणं १८७१ च्या पेन्शन कायद्याप्रमाणे मुळात अवैध आहे, त्यामुळे असा कागद लिहून दिला असेल तर घाबरू नका. आईच्या आधारवरचा ओटीपी, ‘स्पर्श’चा पासवर्ड आणि मूळ पीपीओ कुणालाही देऊ नका, तो भाचा असला तरी. आणि कुणी ‘मागच्या तारखेचा दाखला करून देतो’ म्हटलं तर तिथून उठा. खोटा कागद एकदा फाइलला लागला की खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि गुन्हा आईच्या सहीवर नोंदला जातो.

अर्ज पोस्टात टाकल्यावर सगळ्या कागदांचे दोन संच करा: एक घरात आणि दुसरा बहिणीकडे किंवा शहरातल्या भावाकडे. दुरुस्ती पीपीओ हाती आला की तो ‘स्पर्श’मध्ये चढला का ते पुढच्या महिन्याच्या पेन्शन स्लिपवर तपासा. पत्र आलं आणि पेन्शन मात्र जुन्याच नावाने सुरू राहिलं, असं होतं. तसं दिसलं तर दुरुस्ती पीपीओची प्रत घेऊन त्याच आठवड्यात सैनिक कल्याण कार्यालयात जा.